कुरोसावाचा दुर्लक्षित चित्रपट ‘आय लिव्ह इन फिअर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता?

अकिरा कुरोसावा यांनी दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल जपानी चित्रपट तोहो कंपनीने नोव्हेंबर 1955 मध्ये प्रदर्शित केला. त्याचे मूळ नाव ‘इकिमोनो नो किरोकु’, म्हणजे ‘सजीवाची नोंद’ असे आहे. जपानबाहेर मात्र तो ‘आय लिव्ह इन फिअर’ या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. दोन्ही नावे शेजारी ठेवली तर मूळ नाव किती अधिक थंड आणि किती अधिक भेदक आहे हे लक्षात येते. इंग्रजी नावात एक माणूस आपली भीती सांगतो. जपानी नावात कोणीतरी त्रयस्थ माणूस एका प्राण्याबद्दल टिपण करून ठेवतो. चित्रपटाची दृष्टी या दुसऱ्या नावाच्या जवळची आहे.

कथा थोडक्यात काय आहे?

पुढील उत्तरांत शेवटही उघड होतो, त्यामुळे ज्यांना कोऱ्या मनाने चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावे.

टोकियोतील एका फाउंड्रीचा, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा, मालक किइची नाकाजिमा हा वयस्कर, हेकट, कर्तबगार माणूस आहे. अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्ब यांच्या भीतीने त्याला ग्रासले आहे. आधी त्याने जमिनीखाली निवारा बांधायला घेतलेला असतो. आता कारखाना विकून सगळ्या कुटुंबाला ब्राझीलमधील एका शेतीवर कायमचे न्यायचे त्याने ठरवले आहे. ‘सगळे कुटुंब’ या शब्दांत त्याच्या लग्नाच्या बायकोची मुले जशी येतात, तशाच त्याने ठेवलेल्या बायका आणि त्यांची मुलेही येतात. घरची मंडळी कौटुंबिक न्यायालयात जातात आणि या माणसाला आपल्या मालमत्तेचे व्यवहार करण्यास अपात्र ठरवावे अशी मागणी करतात. तीन जणांच्या लवादमंडळात हारादा नावाचा एक दंतवैद्य आहे. सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून तो तिथे बसलेला असतो, आणि आपल्याला ही सगळी गोष्ट त्याच्यासोबत कळत जाते. निकाल म्हाताऱ्याच्या विरुद्ध लागतो. पुढे, कारखाना हाच आपल्या माणसांना जपानला बांधून ठेवणारा दोर आहे असे वाटून, तो स्वतःच कारखान्याला आग लावतो. शेवटी त्याची रवानगी मनोरुग्णालयात होते.

एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाचा चित्रपट दुर्लक्षित कसा राहिला?

पहिले कारण शेजारपाजाऱ्यांचे आहे. या चित्रपटाच्या आधी 1954 मध्ये ‘सेव्हन सामुराय’ आला आणि नंतर 1957 मध्ये ‘थ्रोन ऑफ ब्लड’. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीकडे पाहायला सहसा कोणी थांबत नाही. दुसरे कारण तिकीटबारीचे: चित्रपट चालला नाही आणि तोहोला त्यात तोटा झाला. 1956 मध्ये तो फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता, पण कुरोसावांच्याच ‘राशोमोन’ला 1951 मध्ये व्हेनिस महोत्सवात मिळालेल्या सुवर्णसिंह या सर्वोच्च पुरस्कारासारखे काही त्याच्या वाट्याला आले नाही.

तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. परदेशातील प्रेक्षकांनी कुरोसावांना तलवारी, घोडे आणि पाऊस यांच्या चौकटीत बसवून टाकले होते. पंख्याने वारा घेत, घाम पुसत बसलेले नातेवाईक आणि न्यायालयाची कोंदट खोली या चौकटीत बसत नव्हती. जपानमधील प्रेक्षकांची अडचण वेगळी होती. पडद्यावर जी भीती दाखवली जात होती ती त्यांच्या घरात आधीच येऊन बसली होती, आणि तिची आठवण करून घेण्यासाठी तिकीट काढावे असे फारसे कोणाला वाटले नसणार.

ही भीती त्या काळी खरोखरच इतकी जवळची होती का?

होती. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्या वेळी ‘दाइगो फुकुर्यू मारु’ ही जपानी मासेमारी नौका, धोक्याचा म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राच्या बाहेर होती. तरीही तिच्यावरील 23 खलाशांच्या अंगावर पांढरी राख पडली. नौका याइझु बंदरात परतली तेव्हा सगळेच आजारी होते. त्यांचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले. किरणोत्सारी ट्यूना मासा बाजारात आल्याच्या बातमीने घबराट पसरली, आणि अण्वस्त्रांविरुद्धच्या निवेदनावर पुढील वर्षापर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. त्या राखेला जपानी लोकांनी ‘शि नो हाई’, म्हणजे ‘मृत्यूची राख’ असे नाव दिले. हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे जळालेल्या फाउंड्रीच्या दृश्यात त्याचा संबंध येतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, आणि त्या काळात हिरोशिमा-नागासाकीवर मोकळेपणाने लिहिण्या-बोलण्यावर सेन्सॉरची बंधने होती. म्हणजे या विषयावर उघड बोलण्याची मोकळीक मिळून जेमतेम तीन वर्षे झाली होती.

चित्रपटाची कल्पना कोणाची?

संगीतकार फुमिओ हायासाका यांची. ‘ड्रंकन एंजल’ (1948) पासून ते कुरोसावांबरोबर काम करत होते. ‘राशोमोन’, ‘इकिरु’ आणि ‘सेव्हन सामुराय’ यांचे संगीत त्यांचेच. दोघांची मैत्री नुसती कामापुरती नव्हती. हायासाका क्षयाने आजारी होते. बिकिनीच्या घटनेनंतर झालेल्या बोलण्यात, जिवावरच बेतलेले असेल तर माणसाला काम करता येणार नाही, अशा आशयाचे काहीतरी ते बोलून गेले आणि ते कुरोसावांच्या मनात घर करून राहिले. हे म्हणणारा माणूस स्वतः मृत्यूच्या छायेत काम करत होता, हे विसरून चालणार नाही.

पटकथा कुरोसावा, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी यांनी लिहिली. सुरुवातीला उपहासात्मक चित्रपट करण्याचा विचार होता, पण लिहिता लिहिता हा विषय उपहासात मावेना. त्या पहिल्या विचाराचे अवशेष पडद्यावर अजून सापडतात: न्यायालयाच्या बाहेर एकमेकींकडे न पाहणाऱ्या बायका, वारशाच्या हिशेबात बुडालेले जावई, कोणत्या मुलाने कोणाशेजारी बसावे याचा संकोच. हसू येते, पण ते पूर्ण फुटत नाही.

15 ऑक्टोबर 1955 रोजी, चित्रपटाचे काम चालू असतानाच, वयाच्या 41व्या वर्षी हायासाकांचे निधन झाले. उरलेले संगीत त्यांचे शिष्य मासारु सातो यांनी पूर्ण केले, आणि 1965 च्या ‘रेड बिअर्ड’पर्यंत कुरोसावांच्या चित्रपटांचे संगीत सातोंकडेच राहिले. एका अर्थी या चित्रपटात कुरोसावांच्या संगीताचे एक युग संपून दुसरे सुरू झाले आहे.

पळून जायचे तर ब्राझीललाच का?

हा प्रश्न आपल्याला पडतो, जपानी प्रेक्षकाला तेव्हा पडला नसेल. 1908 मध्ये ‘कासातो मारु’ हे जहाज जपानी कुटुंबांना घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागले, आणि तेव्हापासून तिकडे जपानी वस्ती वाढत गेली. महायुद्धात खंडित झालेले हे स्थलांतर 1950 च्या दशकात पुन्हा सुरू झाले होते. म्हणून नाकाजिमाची योजना अतिरेकी असली तरी हवेतली नाही. किंबहुना चित्रपटातील चलाखी इथेच आहे: भीती कितीही भ्रमिष्ट वाटली तरी त्यावर त्याने काढलेला उपाय एखाद्या उद्योजकाला शोभेल असा आहे. तो जमीन बघतो, माणूस गाठतो, त्या शेतीची चित्रफीत आणून घरच्यांना दाखवतो. आयुष्यभर त्याने हेच तर केलेले असते.

तोशिरो मिफुने तेव्हा 35 वर्षांचे होते. त्यांनी केलेला म्हातारा खटकत नाही का?

पहिली दहा-पंधरा मिनिटे खटकतो, हे मान्य करावे. कापलेले पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, पुढे झुकलेली मान, खाली ओढलेले ओठ; रंगभूषा दिसते. ‘सेव्हन सामुराय’मधील त्यांचाच उड्या मारणारा किकुचियो ज्यांच्या डोळ्यांसमोर ताजा आहे त्यांना तर अधिकच.

पण मग प्रश्न असा पडतो की कुरोसावांनी खऱ्या वृद्ध नटाला का घेतले नाही? ताकाशी शिमुरा हाताशी होते. त्यांना दंतवैद्याची भूमिका दिली. माझ्या मते त्यांना म्हाताऱ्या शरीरात न मावणारी ताकद हवी होती. नाकाजिमा दुबळा झाल्यामुळे घाबरलेला नाही. त्याच्यात इतका जोम शिल्लक आहे की मरणे त्याला मान्यच नाही. वीज कडाडते आणि तो तान्ह्या मुलावर झेप घेऊन त्याला आपल्या अंगाखाली झाकतो, त्या क्षणी हालचाल पस्तिशीच्या माणसाची आहे आणि चेहरा सत्तरीचा. खऱ्या वृद्ध नटाने केलेल्या त्या झेपेत फक्त केविलवाणेपणा दिसला असता.

‘इकिरु’शी या चित्रपटाची तुलना का केली जाते?

कारण दोन्ही चित्रपट एकच प्रश्न विचारतात आणि उलट उत्तरे देतात. हा चित्रपट कुरोसावांच्या कारकिर्दीत इतका महत्त्वाचा का, याचे उत्तरही मला इथेच सापडते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

1952 च्या ‘इकिरु’मध्ये वातानाबे या नगरपालिकेतील विभागप्रमुखाला आपल्याला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते. मरणाची खात्री झाल्यावर तो आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी करायचे ठरवतो आणि हट्टाने मुलांसाठी एक बाग उभी करवून घेतो. मृत्यूचे भान हेच तिथे कृतीचे इंजिन आहे, आणि एका माणसाची कृती, कितीही छोटी असली तरी, जगात काहीतरी चांगले ठेवून जाते. ‘सेव्हन सामुराय’मध्येही सात जणांनी घेतलेला निर्णय एक गाव वाचवतो; किंमत मोठी पडते, पण गाव वाचते.

नाकाजिमालाही मृत्यूचे भान आले आहे. तोही हातपाय गाळून बसत नाही, कृती करतो. त्याचा हट्ट वातानाबेच्या हट्टाइतकाच पक्का आहे, साधने तर त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. तरी या वेळी कृतीतून बाग उभी राहत नाही, कारखाना जळतो. कारण वातानाबेचे मरण त्याच्या एकट्याचे होते; नाकाजिमाला दिसणारे मरण सगळ्यांचे आहे, आणि सगळ्यांच्या मरणावर एकट्या माणसाला काढता येईल असा तोडगाच नाही. ज्या दिग्दर्शकाचा एका माणसाच्या निश्चयावर इतका विश्वास होता, त्याला इथे तो विश्वास पुरेनासा झाला आहे.

त्यातही दोन्ही चित्रपटांतील शिमुरांची जागा पाहण्यासारखी आहे. वातानाबे तेच होते, आणि इथला दंतवैद्यही तेच. तीन वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्याने झोपाळ्यावर बसून गाणे म्हटले, तो चेहरा आता फक्त ऐकतो, अस्वस्थ होतो, निकालावर सही करतो आणि घरी जाऊन पुन्हा अस्वस्थ होतो. निकालानंतर हारादा आणि नाकाजिमा यांची योगायोगाने गाठ पडते, तेव्हा म्हातारा त्याला सांगतो की हातात काही काम होते तोवर भीती आवरता येत होती, आता हात बांधले गेल्यावर ती सहन होत नाही. हारादाकडे यावर बोलायला काहीच नसते. भल्या माणसाने नियमाने वागून केलेले नुकसान इतक्या शांतपणे दाखवणारी दृश्ये कुरोसावांच्या चित्रपटांत फार नाहीत.

‘गोजिरा’ (म्हणजे ‘गॉडझिला’) हाही त्याच काळातला. मग हा चित्रपट वेगळा कसा?

इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ नोव्हेंबर 1954 मध्ये त्याच तोहोने आणला, त्यातही शिमुरा होते, आणि होंडा कुरोसावांचे जुने मित्र होते. दोन्ही चित्रपटांच्या मुळाशी बिकिनीच आहे. फरक एवढाच की होंडांनी भीतीला शरीर दिले. ते समुद्रातून वर येते, दिसते, आणि शेवटी मारता येते. कुरोसावांनी भीतीला काहीच दिले नाही. आकाशात विमानाचा आवाज येतो आणि एक माणूस दचकतो, बाकीचे आपापल्या कामात. राक्षसावर लोकांनी गर्दी केली आणि दचकणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवली, यात नवल नाही.

दिग्दर्शनाच्या दृष्टीने यात नवे काय आहे?

‘सेव्हन सामुराय’च्या लढाईसाठी कुरोसावांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे वापरले, कारण तो पाऊस आणि तो चिखल पुन्हा पुन्हा उभा करणे शक्य नव्हते. या चित्रपटात लढाई नाही, तरीही त्यांनी तीच पद्धत खोलीत बसून बोलणाऱ्या माणसांसाठी वापरली. कोणता कॅमेरा आपल्याला टिपतो आहे हे नटाला कळत नाही, त्यामुळे जो बोलत नसतो तोही भूमिकेतच राहतो. कौटुंबिक बैठकांमध्ये याचा परिणाम दिसतो. बोलणाऱ्याकडे पाहू नका. मागे बसलेल्यांकडे पाहा. कोण कोणाकडे चोरून बघतो, कोणाचा पंखा मध्येच थांबतो, हे सगळे छायाचित्रकार असाकाझु नाकाई यांच्या चौकटीत आहे. दूर पल्ल्याच्या भिंगांमुळे माणसे एकमेकांवर रचल्यासारखी दिसतात, आणि खोली प्रत्यक्षात असेल त्याहून दाटीची वाटते.

उकाड्याबद्दलही सांगायला हवे. संपूर्ण चित्रपट घामाने भिजलेला आहे. कुरोसावांच्या चित्रपटांत हवामान नेहमीच बोलते, पण इथे उन्हाळ्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते: सगळ्यांनाच अस्वस्थ वाटत असते आणि प्रत्येक जण त्याचे खापर उन्हावर फोडू शकतो.

एखादे असे दृश्य सांगता येईल का, जे पहिल्यांदा पाहताना हमखास निसटते?

न्यायालयात सुनावणी चालू असताना, वाट पाहून सगळे कंटाळलेले असतात. नाकाजिमा बाहेर जातो आणि थंड पेयाच्या बाटल्या घेऊन येतो. कोणासाठी? सगळ्यांसाठी, ज्यांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केला आहे त्यांच्यासाठीही, आणि अवघडून बाजूला बसलेल्या दुसऱ्या घरच्या मुलांसाठीही. कोणाशी गोड बोलत नाही, नुसत्या बाटल्या हातात देतो. मी स्वतः पहिल्यांदा पाहताना या दृश्याकडे लक्षच दिले नव्हते. त्याची हुकूमशाही तेवढी लक्षात राहिली होती. दुसऱ्यांदा कळले की ब्राझीलचा सगळा आराखडा या बाटल्यांमध्येच आहे. सगळ्यांना घ्यायचे, कोणाला विचारायचे नाही.

म्हातारा वेडा आहे की शहाणा? चित्रपटाची बाजू कोणती?

मनोरुग्णालयातील डॉक्टर हारादापाशी जवळपास हाच प्रश्न उघडपणे बोलून दाखवतो: या रुग्णाकडे पाहिले की, असल्या जगात निश्चिंत राहणारे आपणच वेडे आहोत की काय असे वाटते. अनेक समीक्षक या वाक्यालाच चित्रपटाचा निष्कर्ष मानतात. मला ते पटत नाही. हे वाक्य जरा जास्तच नीटनेटके आहे, आणि त्याच्या आधी येणारे जळिताचे दृश्य त्याला पुरून उरते.

आगीनंतरच्या सकाळी सगळीकडे ओली राख आहे. घरची माणसे सुन्न आहेत. तेवढ्यात कामगारांपैकी एक जण मालकाला विचारतो की तुम्ही आपल्या माणसांना घेऊन जाल, पण आमचे काय? आम्ही मेलो तरी चालेल का? नाकाजिमाला हे सुचलेलेच नसते. सगळ्या जगाच्या अंताचा विचार करणाऱ्या माणसाच्या हिशेबात त्याच्या भट्टीवर राबणारी माणसे धरलेलीच नव्हती. तो चिखलात गुडघे टेकतो आणि तुम्हालाही घेऊन जाईन म्हणून विनवू लागतो. बॉम्बने जी राख पडेल म्हणून तो घाबरत होता, ती त्याने आपल्याच हाताने आपल्याच अंगणात पाडली आहे. भीती खरी आहे आणि माणूस चुकला आहे, या दोन्ही गोष्टी चित्रपट एकदम धरून ठेवतो. एकीसाठी दुसरी सोडत नाही.

त्यात उणिवा नाहीत का?

आहेत. मधला भाग संवादांनी जड झाला आहे. मुलगे आणि जावई यांच्यात फारसा फरक करता येत नाही. बायको आणि धाकटी मुलगी सोडल्या तर स्त्रियांना स्वतःचे म्हणणे जवळजवळ नाही, आणि हारादाचे मन आपल्याला कळावे म्हणून त्याला काही वेळा नको इतके बोलावे लागते. हा परिपूर्ण चित्रपट आहे असे म्हणून त्याची वकिली करणाऱ्यांनी त्याचे नुकसानच केले आहे, असे मला वाटते.

पुढच्या चित्रपटांत याच्या खुणा कुठे दिसतात?

लगेचच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये पुन्हा मिफुने आहेत आणि भीतीपोटी केलेल्या कृतीने स्वतःचाच नाश ओढवून घेणारा माणूसही आहे; फक्त फाउंड्रीच्या जागी किल्ला आला. ऐतिहासिक वेष चढवल्यावर तीच निराशा जगाने डोक्यावर घेतली. 1985 च्या ‘रान’मधील म्हातारा सरदार, त्याची मुले, जळणारा किल्ला आणि त्याचे भान हरपणे हे सगळे पाहताना नाकाजिमा आठवल्याशिवाय राहत नाही. आणि 1990 च्या ‘ड्रीम्स’मध्ये तर कुरोसावा थेट त्या भीतीकडे परत गेले: अणुभट्ट्यांचे स्फोट होऊन फुजी पर्वत लाल झाला आहे आणि पळणाऱ्या माणसांपुढे समुद्राशिवाय जागा नाही. 35 वर्षांपूर्वी निदान ब्राझील तरी होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘रॅप्सडी इन ऑगस्ट’मध्ये नागासाकीवर चित्रपट केला.

हा चित्रपट पाहण्याआधी काय पाहावे?

‘इकिरु’ पुरेसा आहे. शक्य असल्यास दोन्ही लागोपाठच्या दिवशी पाहावेत. लांबी पावणेदोन तासांच्या आत आहे, आणि सुरुवातीला पात्रांची नाती कळली नाहीत तर घाबरून जाऊ नये. लवादमंडळालाही ती लगेच कळत नाहीत.

शेवटच्या दृश्याचा अर्थ काय?

मनोरुग्णालयात नाकाजिमा शांत आहे, कारण आपण पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर पोहोचलो आहोत असे त्याला वाटते. भेटायला आलेल्या हारादाला तो पृथ्वीची खबर विचारतो, तिथे अजून माणसे उरली आहेत का याची चौकशी करतो. मग खिडकीतून त्याला सूर्य दिसतो आणि तो ओरडतो की पृथ्वी पेटली, अखेर पेटली. हारादाला तिथे थांबवत नाही.

बरेच जण इथपर्यंतच सांगतात. पण चित्रपट यानंतर थोडा चालू राहतो. हारादा मान खाली घालून खाली उतरतो आहे. त्याच वेळी म्हाताऱ्याची तरुण सोबतीण, त्याच्या तान्ह्या मुलाला घेऊन, त्याला भेटायला वर चढते आहे. दोघेही थांबत नाहीत. हे मूल तेच, ज्याच्यावर वीज कडाडताच तो झेपावला होता.